आम्ही तिघं पुण्याला स्वभाव तपासायला जातो

पुण्याला माणसं शिकायला जातात, नोकरीला जातात, मुलगी बघायला जातात. आमच्या वाशिमची तर निम्मी पोरं तिकडं जाऊन बसली आहेत. पण स्वभाव तपासून घ्यायला पुण्याला जाऊन आलेली माणसं आमच्या गावात आजवर तीनच, आणि त्यातली एक मी. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मग, काय निघालं?" जसं काही आम्ही रक्त तपासून आलो. दर वेळी रस्त्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

मी रंजना. वाशिमच्या एका दुचाकीच्या शोरूममध्ये मॅनेजर. बी.कॉम. वडील गवंडी, आई त्यांच्याच हाताखाली पाट्या उचलायची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली आणि पदवी घेऊन बाहेर पडलेली पहिली मीच. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. पदवीच्या फोटोत मी जेवढी हसले आहे तेवढी माझ्या लग्नाच्या फोटोतही हसलेली नाही, आणि नवऱ्यालाही हे मान्य आहे.

मॅनेजर आहे असं आज ठणकावून म्हणते, पण पुण्याला निघाले तेव्हा कच्ची मॅनेजर होते. त्याचं कारण गजाननभाऊ आणि वानखडे मामा.

गजाननभाऊ विक्री बघतात. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. गिऱ्हाईक नुसतं टायरात हवा भरायला आलं तरी नवी गाडी बघून जाईल याची खात्री. मामा वर्कशॉपचे मुख्य मेकॅनिक. दिवसातून चार वाक्यं बोलले तर तब्येत बरी आहे ना, असं आम्ही विचारतो. गेल्या दसऱ्याला भाऊंनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला सकाळचा एकच मुहूर्त देऊन टाकला. "आमचे मामा हायत ना!" असं वर सांगितलं, पण मामांना विचारलं नाही. मुहूर्ताला सगळी गिऱ्हाइकं हार-नारळ घेऊन वर्कशॉपच्या फाटकाशी उभी आणि मामा एकटे आत. माणसं नाही नाही ते बोलली मामांना. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच बाकावर शेजारी बसून चहा प्यायचा, आणि मला हाक मारायची, "मॅडम, त्यांले सांगा, पंखा कमी करा." मी मॅनेजर कमी आणि टपाल जास्त झाले होते.

शेवटी मालक वैतागले. त्यांच्या मेहुण्याच्या पुण्यातल्या कारखान्यात एका बाईंनी शिबिर घेऊन कामगारांचे स्वभाव ओळखून जोड्या लावून दिल्या होत्या म्हणे. मालक मला म्हणाले, "तिघं जा. ती बाई जे सांगेल ते मी करणार. तुमचं तिघांचं जमेल म्हणाली, तर शोरूम आणि वर्कशॉप दोन्ही तुझ्या हातात, पक्कं. नाही म्हणाली, तर मामा रिसोडच्या वर्कशॉपला, आणि मॅनेजर मी अकोल्याहून आणतो. माणूस बघून ठेवलाय."

माणूस बघून ठेवलाय! मला पुढं काही ऐकूच आलं नाही.

हडपसर, जिथं जायचं नव्हतं

रात्रीच्या ट्रॅव्हल्सबद्दल लिहीत नाही. तिच्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. सकाळी स्वारगेटला उतरलो. शिबिर वारजेला होतं, म्हणजे शहराच्या पश्चिमेला. मी कोणाला तरी विचारणार, तेवढ्यात गजाननभाऊ एका रिकाम्या सिटी बसमध्ये चढून खिडकीतून रुमाल हलवायला लागले. "मॅडम, या! जागाच जागा हाय!" आमच्याकडं आधी जागा धरायची आणि मग गाडी कुठं चालली ते विचारायचं, अशी पद्धत आहे. मामाही चढले आणि त्यांनी पुढच्या सीटवर बॅग ठेवली. बॅग ठेवली म्हणजे विषय संपला.

बस बरीच पुढं गेल्यावर कंडक्टर आला. भाऊ ऐटीत म्हणाले, "तीन वारजे."

कंडक्टरनं आमच्याकडं शांतपणे पाहिलं. "बसायला जागा मिळाली ना व्यवस्थित?"

"हो, एकदम!"

"मग बसा. वारजे मागं राहिलं. आपण हडपसरला चाललोय."

मी उतरायला उठले. पण मामांनी तोपर्यंत खिडकीवर डोकं टेकवून डोळे मिटले होते, आणि भाऊ म्हणाले, "आता आलोच हाओत, तर पाहून घेऊ." अशा रीतीनं आम्ही हडपसर पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, रिक्षा, दुचाक्या, भाजीचे टेम्पो, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेली पोरं आणि त्या सगळ्यांच्या मधून रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाई पाहिल्या. गाव होतं ते शहरानं गिळलंय, पण पूर्ण पचलेलं नाही, असं मला वाटलं. मामा मात्र खुलले. इतक्या दुचाक्या एका जागी त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. एकेकीचा आवाज ऐकून "हिची चेन ढिली," "हिचं ऑइल सरलं," असं स्वतःशीच पुटपुटत होते. ही त्या दिवसाची चार वाक्यं सकाळीच संपली.

तिथंच एका गाडीवर पोहे खाल्ले. पुण्याच्या पोह्यांवर खोबरं असतं, आमच्यासारखी वरून ओतलेली तिखट रश्श्याची तर्री नसते. मामांनी तर्री मागितली. गाडीवाला म्हणाला, "काका, हे पोहे आहेत. कोरडेच असतात. रडून ओले करायचे असतील तर तुमची इच्छा."

भाऊ पोट धरून हसले आणि मला म्हणाले, "मॅडम, त्यांले सांगा, मिसळ मागवा."

मामा मला म्हणाले, "पोरी, त्याले सांग, मी पोहेच खाईन."

दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं आणि त्या अंतरात मी पोहे खात होते.

वारजे, पहिला दिवस

शिबिराचा हॉल एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. खाली कोणाचा तरी साखरपुडा. जिन्याच्या तोंडाशी गुलाबपाणी शिंपडत होते. भाऊ त्याच दारानं आत गेले, सरबत प्यायले, नवऱ्या मुलाच्या काकांशी गाडीच्या मायलेजवर बोलले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की इथं स्वभाव तपासत नाहीत. तोवर त्यांनी आपलं कार्ड देऊन टाकलं होतं.

वर शिबिर घेणाऱ्या करंदीकर मॅडम उभ्या होत्या. साठीच्या, पांढरे केस, सुती साडी आणि पायांत पळायचे बूट.

"तुम्ही वाशिमचे ना? फार उशीर केलात."

"मॅडम, आम्ही हडपसरला गेलो होतो."

"हौस म्हणून?"

मी बॅगा उचलल्या आणि आत गेले.

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. आयटीवाले, एका बेकरीचे, एका दवाखान्याचे. चार कोपऱ्यांत चार खेळांची चित्रं टांगलेली, भोवरा, पतंग, लगोरी आणि सागरगोटे. मॅडमनी समजावून सांगितलं. काही माणसं भोवऱ्यासारखी. एकदा फिरली की आपल्या जोरावर फिरतात, मध्ये बोट घातलेलं खपत नाही. काही पतंगासारखी. वर वर जातात, पण दोरी कोणीतरी धरायला लागते. काही लगोरीसारखी, सगळं नीट एकावर एक रचणारी. आणि काही सागरगोट्यांसारखी, म्हणजे वर उडालेलं झेलणारी, माणसं सांभाळणारी. "यात चांगलं-वाईट काही नाही," मॅडम म्हणाल्या. "नुसते भोवरे असलेलं ऑफिस मी पाहिलंय. तिथं चहासुद्धा कोणी कोणाला विचारत नाही. मी प्रश्न विचारीन. ज्याला जे लागू पडेल त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. बोलायचं नाही, विचार फार करायचा नाही."

पहिला प्रश्न, कामावर पोचल्यावर सगळ्यात आधी काय करता? मी दिवसाचं काम आखते. मॅनेजरनं आखायलाच पाहिजे. मी ताठ मानेनं लगोरीच्या कोपऱ्यात गेले. मागं वळून पाहते तर मामा माझ्या मागं उभे. आणि मामांच्या मागं भाऊ.

दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न, चौथा. दर वेळी मी लगोरीशी, आणि दर वेळी माझ्यामागं हे दोघं. एकदा मी चुकून सागरगोट्यांकडं निघाले आणि परत फिरले, तर तेही निघाले आणि परत फिरले. तन्मय नावाचा एक आयटीवाला पोरगा तर टाळ्याच वाजवायला लागला. "ताई, हे वाइल्ड आहे! हंड्रेड परसेंट मॅच! आमच्या टीममध्ये दोन जणांचं पिझ्झ्यावर पण एकमत होत नाही!"

संध्याकाळी मॅडमनी सांगितलं, "वाशिमचे तिघंही लगोरी. उद्या यावर बोलू."

बोलायचं काय राहिलं होतं? तिघंही एक! दहावीला अख्खा वर्ग फर्स्ट क्लासमध्ये पास व्हावा तसं वाटलं मला. मी जिन्यातूनच मालकांना फोन लावला. "साहेब, आम्ही तिघं एकाच स्वभावाचे निघालो!" मालक खूश, आणि मी तर हवेतच. भाऊंनी रस्त्यापलीकडून मस्तानी मागवली. ते दूध, त्यावर आइस्क्रीम, आणि ग्लास एवढा उंच की चमचा तळाला पोचेना. मामांच्या मिशीला आइस्क्रीम लागलं. भाऊ म्हणाले, "मॅडम, त्यांले सांगा, मिशी पुसा." मी म्हटलं, "मामा, मिशी पुसा." आणि आम्ही एकाच स्वभावाचे आहोत म्हणून मी एकटीच खो खो हसत सुटले.

वारजे, दुसरा दिवस

सकाळी करंदीकर मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"बसा. तुमच्या मालकांना मी उद्या सांगणार आहे ते तुम्हाला आधी सांगते. तुमची टीम मोडायला हवी."

मला वाटलं त्या गंमत करताहेत. पुण्यात गंमत आणि बातमी एकाच आवाजात सांगतात.

"मॅडम, पण आम्ही तर तिघं सारखे आहोत!"

"म्हणूनच. तिघंही रचणारे. नवीन काही सुचवणारं कोणी नाही, एकट्यानं दम धरून काम उपसणारं कोणी नाही, माणसं सांभाळणारं कोणी नाही. तिखट, मीठ, गूळ वेगवेगळं असतं म्हणून आमटी होते. तुम्ही तिघंही मीठ. यातल्या एकाला दुसरीकडे पाठवा आणि दुसरा कोणी घ्या, असं सुचवणार आहे मी."

मामा रिसोडला निघालेले मला दिसायला लागले, आणि माझ्या खुर्चीत अकोल्याचा माणूस.

मी बाहेर येऊन दोघांना समोर उभं केलं. "खरं सांगा. काल तुम्ही दोघं लगोरीच्या कोपऱ्यात का आलात?"

मामा म्हणाले, "परकं गाव. तू एकटी बाईमाणूस त्या अनोळखी लोकांत जाऊन उभी राहिली. मी दुसऱ्या कोपऱ्यात कसा जाऊ? तुह्या घरी काय सांगू?"

"आणि भाऊ, तुम्ही?"

"तुमी दोघं एकीकडं, अन् मी एकटाच त्या पतंगापाशी? बरं दिसते का ते? लोक म्हनतील, वाशिमवाल्यांचं फाटलं!"

मी कपाळावर हात मारला. लग्नाला गेलं की आमचं अख्खं गाव एकाच पंगतीत बसतं. आपलं माणूस परक्यांत सोडायचं नाही, एवढंच या दोघांना कळलं होतं. भोवरा काय आणि पतंग काय!

आता मॅडमना खरं सांगावं, तर पुढचा प्रश्न येणार की मग तुमचं आपसात कसं आहे? आणि ते बाहेर आलं की दसऱ्यापासूनचं सगळंच बाहेर येणार. गप्प बसावं, तर सारखे म्हणून मोडणार. खरं बोललं तरी मामा रिसोडला, नाही बोललं तरी रिसोडला. बी.कॉम.ला असला प्रश्न कधी आला नव्हता. मी गप्प बसले.

खडकवासला

दुपारनंतर शिबिरातल्या सगळ्यांना खडकवासल्याला न्यायचं ठरलेलं होतं. छोटीशी इलेक्ट्रिक बस, बिलकूल आवाज नाही. मामांना ते आवडलं नाही. "बिमार माणसासारखी चालते," म्हणाले.

पण धरणाशी उतरलो आणि मी रिसोड, अकोला सगळं विसरले. पुण्याच्या नळाला येणारं पाणी इथलं, असं तन्मय सांगत होता. एवढं पाणी! ऊन कललेलं, पाण्यावर बारीक बारीक लाटा, पलीकडं डोंगरांच्या रांगा एकीमागं एक फिक्या होत गेलेल्या, आणि वारा असा की माझी ओढणी सरळ करंदीकर मॅडमच्या चष्म्यावर जाऊन बसली. रस्त्याच्या कडेला ओळीनं भाजलेल्या मक्याच्या गाड्या. आमच्याकडं कणीस घरच्या चुलीत भाजतात आणि नुसतं खातात. इथं लिंबू, तिखट, मीठ चोळून देतात. मी दोन खाल्ली. भाऊंनी किती खाल्ली ते त्यांच्या बायकोही वाचतील म्हणून लिहीत नाही. कांदाभजीचा घाणा निघाला की तीस माणसं एकदम कढईकडं सरकायची. मी लहान मुलीसारखी हसत होते.

परतायची वेळ झाली. सगळे बसमध्ये बसले आणि बस हलेना. ड्रायव्हरनं बटणं दाबली, खाली उतरला, वर चढला, कंपनीला फोन लावला. दुसरी बस यायला वेळ लागेल म्हणाला. सगळे कुरकुरायला लागले.

आणि गजाननभाऊ उभे राहिले. मला त्यांच्या तोंडातून शब्द बाहेर पडताना जणू दिसत होते, पण पकडता आले नाहीत.

"अजिबात घाबरू नका! आमचे मामा हायत ना! दहा मिनिटांत चालू करून देतील!"

सगळी बस टाळ्या वाजवायला लागली. तन्मयनं शिट्टी मारली. "मामा! मामा!"

मामा खाली उतरले, मागोमाग भाऊ, मी आणि करंदीकर मॅडमही. पुढं गेले, मागं गेले, वाकून पाहिलं. मग सरळ झाले. त्या गाडीत त्यांच्या ओळखीचं काहीच नव्हतं. कार्बोरेटर नाही, प्लग नाही, फिरणारं काही नाही. बाकीची सगळी बस खिडक्यांतून बघत होती. मामांचा चेहरा मी दसऱ्याला पाहिला होता तसाच झाला.

आणि मामा बोलले. माझ्याशी नाही, सरळ भाऊंशी.

"गजानन! तुले कोनी सांगतलं होतं? मले इचारलं तू?"

भाऊंच्या हातातलं कणीस खाली पडलं.

"आँ?"

"दसऱ्याले बी असंच! गावभर माह्या नावावर शब्द देते, अन् शिव्या खायले मी! आता इथं पुन्यात येऊन बी तेच! हे बिजलीचं खटारं मी बापजन्मी खोललं का?"

"मामा, पन मी तर तुमची तारीफच..."

"जाय तिकडं तुयी तारीफ घेऊन!"

खरं सांगू? मला घाबरायला हवं होतं. करंदीकर मॅडम चार पावलांवर कणीस खात उभ्या होत्या, माझी मॅनेजरकी तिथंच धरणात बुडत होती, आणि मला मात्र उड्या माराव्याशा वाटत होत्या. बोलले! दसऱ्यापासून पहिल्यांदा दोघं एकमेकांशी बोलले!

भाऊंनाही आता राग चढला. "मंग ऐका मामा! तुमचं नाव मी कायले घेतो? गिऱ्हाईक मले पयला सवाल हाच करते, गाडी मामाच्या हातून येईन का? हो म्हटलं की बुकिंग. नाई म्हटलं की सामनेच्या शोरूमले जाते. माही अर्धी विक्री तुमच्या नावावर होते! मी कितीबी बोंबललो, तरी गाडी तुमी विकता!"

मामांनी स्वच्छ असलेले हात उगाच पँटला पुसले.

"हे तू मले कधी सांगतलं नाई."

"तुमी बोलता कुठी मामा?"

"मंग इचारायचं तरी. शब्द द्यायच्या आंधी."

"इचारलं की तुमी नाई म्हन्ता! दर टायमाले!"

"अरे, पयल्यांदी नाईच म्हनतो मी!" मामा ओरडले. "पयल्यांदी मी बायकोलेबी नाई म्हनतो! दुसऱ्यांदी इचारायचं असते! गिऱ्हाइकाच्या मांगं तू पाच-पाच वेळा लागते, मले एकदा इचारून निंगून जाते!"

आमच्याकडं पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. चहा असो, जेवण असो, पहिल्यांदा नको, मग आग्रह, मग हो. भाऊ गिऱ्हाइकाला आग्रह करून करून बेजार करतात, आणि कामाच्या बाबतीत मामांना तो करायचा असतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी "मामा नाही म्हणतात" एवढाच निरोप इमानेइतबारे पोचवत राहिले होते.

करंदीकर मॅडम रुमालानं हात पुसत पुढं आल्या.

"छान. यातलं कोणी लगोरी आहे असं मला तरी वाटत नाही. काल तुम्ही तिघं एका कोपऱ्यात काय करत होतात?"

मग मी सगळंच सांगितलं. दसरा, बाक, पंखा, रिसोड, अकोला. परकं गाव आणि एकटं माणूस हेही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे काल मी चहा विचारला तेव्हा तिघांनी नको म्हटलंत, तेही खोटंच?"

"हो मॅडम. तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून वाट बघत होतो."

"आमच्याकडे नको म्हटलं की आम्ही कपबशी धुवायच्या वाचल्या म्हणून खूश होतो," त्या म्हणाल्या. मग थांबून त्यांनी तिघांकडं पाहिलं. "चहा घेणार?"

"नको," मामा म्हणाले.

"घेणार?"

"द्या मंग."

दुसरी बस येईपर्यंत टपरीवर चहा झाला. भाऊ आणि मामा एकाच बाकावर बसले होते आणि मला कोणी हाक मारत नव्हतं. मी काय करावं ते न सुचून पाण्यात खडे मारत बसले.

वारजे, शेवटचा दिवस

सकाळी आम्हा तिघांसाठी पुन्हा कोपरे. या वेळी मॅडमनी मामांचा हात धरून त्यांना मध्ये उभं केलं आणि बजावलं, "रंजनाला इथं कोणी पळवून नेणार नाही. तुम्ही तुमच्या कोपऱ्यात जा." मामा भोवऱ्यापाशी जाऊन उभे राहिले, पण मान माझ्याकडं. भाऊ पतंगाशी गेले आणि तिथं बसून बघणाऱ्या तिघांशी लगेच त्यांची मैत्री झाली. मी आपली लगोरीशी.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही इकडं, सागरगोट्यांशी. रचता तुम्ही थोडंफार, पण दिवसभर करता काय? या दोघांनी फेकलेले निरोप झेलता. हात चांगला आहे तुमचा. पण जे त्यांनी एकमेकांच्या हातात द्यायचं ते तुम्ही मध्येच झेललंत, तर त्यांना हात कशाला आहेत?"

मला पहिल्यांदा राग आला. मॅनेजरनं रचणारीच असावं असं माझ्या डोक्यात होतं. पण मग आईवडिलांची आठवण झाली. आई खालून विटा वर फेकायची आणि वडील झेलायचे. एक वीट कधी पडली नाही. झेलणं काही हलकं काम नाही. मी सागरगोट्यांशी जाऊन उभी राहिले, चांगली छाती काढून.

दुपारी मालकांचा व्हिडिओ कॉल. तन्मयनं फोन खुर्चीवर उभा करून दिला. मालकांचं अर्धं कपाळ आणि मागचा पंखा एवढंच दिसत होतं.

"हां, ते स्वभावाचं नंतर," मालकांनी सुरुवातच केली. "आधी मला हे सांगा, पाडवा आलाय. गाड्या सगळ्यांना सकाळीच पाहिजेत. गिऱ्हाईक समोर बसलंय. काय सांगू?"

"सांगा साहेब, सकाळी..." भाऊ सवयीनं म्हणाले आणि स्वतःच थांबले. ते मामांकडं वळले. "मामा, पाडव्याच्या गाड्या सकाळच्या पारी होतील का?"

"नाई होत."

फोनमधून मालकांचा आवाज आला, "बघा! हेच म्हणतो मी! हेच चाललंय दसऱ्यापासून!"

माझी जीभ शिवशिवली. "मामा, जरा बघा ना," एवढं म्हटलं की झालं असतं. करंदीकर मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मी ओठ असे आवळले की दुखायला लागले. फोनमधलं कपाळ वर-खाली होत होतं.

भाऊंनी खुर्ची ओढली आणि मामांच्या समोर बसले. गिऱ्हाइकासमोर बसतात तसे, पुढं झुकून.

"मामा, आदल्या दिवशी शोरूमची माणसं तुमच्याकडं देतो. नंबरप्लेट, आरसे, सीट कव्हर आमी बसवतो. तुमी फक्त इंजिन अन् ब्रेक पाहा. मंग?"

मामांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"मंग अर्ध्या सकाळी, अर्ध्या दुपारी," मामा म्हणाले. "अन् दुपारवाल्यांले तू सोता सांगशील."

"सांगतो. म्हनतो, मामांनी तुमची गाडी सोताच्या हातानं नीट पाहून ठेवली, म्हून दुपारी."

मामांनी जरा विचार केला. "हं. असं सांग."

मालक फोनवर वाकले. पहिल्यांदाच त्यांचं पूर्ण तोंड फोनमध्ये आलं. "हे... बोलतात?"

"कालपासून," मॅडम म्हणाल्या.

"मग मॅडम, तुमचं मत काय?"

"माझं मत कशाला? तुमच्या देखत झालं की. तिघं तीन स्वभावांचे आहेत. तिघं राहू द्या, आणि या बाईंना मॅनेजर ठेवा. त्या आत्ता गप्प बसल्या, ते मी शिकवलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा अवघड होतं. आणि मोडलंत, तर पुन्हा जोडायला माझ्याकडे पाठवू नका. मला हे तीन दिवस पुरले."

मालक हसले. "ठीक आहे. रंजना, शोरूम आणि वर्कशॉप दोन्ही तुझं. पण मग त्या अकोल्याच्या माणसाला काय सांगू? रोज फोन करतोय तो."

मी तोंड उघडलं. पण त्याआधीच मामा आणि भाऊ एकदम म्हणाले, "नाई म्हून सांगा!"

आणि मामा खुर्चीतून उठून फोनच्या अगदी जवळ गेले.

"अन् साहेब, त्यानं दुसऱ्यांदी इचारलं, तरी नाईच."